किनाऱ्याचं पाणी पहाटेही मोजा: समुद्र-निरीक्षण संस्थांना खुलं पत्र

प्रति,
किनारी समुद्राच्या पाण्याचं निरीक्षण आखणाऱ्या, त्यासाठी निधी देणाऱ्या आणि त्यावर अहवाल काढणाऱ्या सर्व संस्था

सन्माननीय महोदय आणि महोदया,

सप्रेम नमस्कार.

किनाऱ्यालगतच्या समुद्राच्या रासायनिक नोंदी वाचणं, त्यातल्या चुका हुडकणं आणि उरलेल्या आकड्यांचा अर्थ लावणं हे माझं रोजचं काम. या कामात एक युक्तिवाद मला वारंवार भेटतो. कधी अहवालाच्या शेवटच्या पानावर, कधी प्रस्ताव नाकारताना दिलेल्या कारणांत. तो थोडक्यात असा: किनाऱ्याजवळ पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, एका दिवसात इतका वरखाली होतो की हवेतल्या वाढत्या कार्बन डायऑक्साइडमुळे औद्योगिक काळात झालेली ०.१ ची घट त्यापुढे किस झाडकी पत्ती. तेव्हा आम्लीकरण ही खुल्या महासागराची चिंता आहे, किनाऱ्याने ती करण्याचं कारण नाही.

हा युक्तिवाद अर्धा खरा आहे, म्हणूनच तो इतकी वर्षं टिकून आहे. उरलेल्या अर्ध्या भागाने मात्र फार नुकसान केलं आहे. त्याच्या आधारावर मोजणीची ठिकाणं बंद होतात, उपकरणांची देखभाल थांबते, आणि किनाऱ्यावर सामू महिन्यातून एकदा मोजला तरी पुरे असं ठरून जातं. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. किनाऱ्यावरचे चढउतार मोठे आहेत, म्हणूनच तिथली मोजणी खुल्या महासागरापेक्षा जास्त बारकाईने, रात्रंदिवस आणि दशकानुदशकं व्हायला हवी.

आधी त्यातलं खरं काय ते मान्य करते. २०११ मध्ये सागरी जीवशास्त्रज्ञ ग्रेचेन हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ ठिकाणच्या अखंड नोंदी एकत्र प्रसिद्ध केल्या. त्यांत ध्रुवीय पाणी होतं, खुला महासागर होता, प्रवाळ, केल्प या उंच समुद्री शैवालाची जंगलं, नदीमुखं आणि समुद्रतळातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात अशा जागाही होत्या. साधारण महिनाभराच्या काळात सर्वांत शांत ठिकाणी सामू जेमतेम ०.०२४ ने हलला. सर्वांत चंचल ठिकाणी तब्बल १.४३ ने. एकाच ग्रहावरचा, एकाच काळातला हा फरक आहे. ‘समुद्राचा सामू ८.१’ हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य किनाऱ्यावर राहणाऱ्या जिवाला फारसं काही सांगत नाही, हे या अभ्यासाने स्वच्छ दाखवलं.

हे चढउतार कशामुळे होतात हेही आता नीट ठाऊक आहे. दिवसा सागरी गवत, केल्प, शैवाल आणि पाण्यात तरंगणारं वनस्पतिप्लवक प्रकाशसंश्लेषणासाठी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात आणि सामू चढतो. सूर्य मावळला की हा वायू ओढणारं कोणी उरत नाही. श्वसन मात्र सगळ्यांचं चालूच असतं, गवताचं, माशांचं, चिखलातल्या जिवाणूंचं. रात्रभर कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि सामूचा नीचांक साधारण पहाटे, सूर्योदयाच्या आसपास येतो. त्यावर भरती-ओहोटीची लय चढते, कारण भरतीचं पाणी बाहेरून येतं आणि ओहोटीचं पाणी खाडीच्या पोटातून. नदी आपल्या खोऱ्याचा स्वभाव घेऊन येते. चुनखडीच्या प्रदेशातून आलेल्या नदीत आम्ल पचवण्याची ताकद, म्हणजे अल्कलिनिटी, भरपूर असते. कठीण खडकावरून वाहत आलेल्या किंवा नुसत्या पावसाच्या पाण्यात ती फार कमी. आणि काही किनाऱ्यांवर वारा पृष्ठभागाचं पाणी बाहेर ढकलतो, त्याच्या जागी खालचं थंड, कार्बन डायऑक्साइडने भरलेलं पाणी वर येतं.

इथपर्यंत आपलं एकमत आहे असं मी धरते. पुढे जी उडी मारली जाते ती मला मान्य नाही. चढउतार मोठा आहे म्हणून हळूहळू होणारी घसरण नगण्य, हे अनुमान आपण समुद्राच्या पातळीबद्दल कधीच काढत नाही. भरती-ओहोटीत पाणी काही तासांत कित्येक मीटर वरखाली होतं. १९०० पासून जागतिक समुद्रपातळी सुमारे २० सेंटीमीटरच वाढली. म्हणून ती वाढ किरकोळ आहे असं कोणताही बंदर अभियंता म्हणणार नाही, कारण उधाणाचं पाणी त्या वाढलेल्या पातळीवर स्वार होऊन येतं आणि जे बांध पूर्वी कोरडे राहत होते ते बुडतात. सामूचंही तसंच आहे, फक्त दिशा उलटी. पहाटेचा नीचांक आता खाली सरकलेल्या तळावरून मोजला जातो.

शिवाय ‘०.१’ हा आकडा दिसतो तेवढा लहान नाही. सामू पाण्यातल्या हायड्रोजन आयनांचं प्रमाण सांगतो, आणि त्याची मोजपट्टी लॉगरिदमिक आहे: सामू एकाने उतरला की हायड्रोजन आयन दसपट होतात, म्हणजे आम्लता वाढते. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या प्रयोगशाळेत ती मांडली ती हाताळायला सोपे आकडे मिळावेत म्हणून. ८.२ वरून ८.१ वर येणं म्हणजे हायड्रोजन आयनांमध्ये सुमारे २६ टक्के वाढ. पाणी अजूनही ७ च्या वर, म्हणजे अल्कधर्मीच आहे, हे खरं; पण जिवाला पाण्यातला बदल सोसावा लागतो, त्या पाण्याला आपण कोणत्या गटात बसवतो याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. आणि या मोजपट्टीत आणखी एक खोच आहे. ८.२ वरून ८.१ आणि ७.६ वरून ७.५, दोन्हीकडे घट तेवढीच, ०.१. पण पहिल्या वेळी दर किलो पाण्यात सुमारे १.६ नॅनोमोल हायड्रोजन आयनांची भर पडते, दुसऱ्या वेळी जवळजवळ ६.५. म्हणजे चौपट. किनाऱ्याचं पाणी पहाटे आधीच खाली गेलेलं असतं, त्यामुळे तिथे तोच दशांश जास्त महाग पडतो.

हा मुद्दा रसायनशास्त्राच्या अंगाने थोडा उलगडते, कारण बहुतेक अहवालांत तो सुटलेला असतो. समुद्रात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड पाण्याशी मिळून कार्बोनिक आम्ल होतो, त्यातून हायड्रोजन आयन सुटतात, आणि त्यांपैकी बरेचसे पाण्यातल्या कार्बोनेटशी जोडले जाऊन बायकार्बोनेट बनतात. म्हणजे कार्बोनेट हा समुद्राचा आम्ल झेलणारा साठा आहे. मानवी उत्सर्जनातला साधारण चौथा हिस्सा समुद्र दरवर्षी शोषतो आणि त्यापायी हा साठा खर्च होत चालला आहे. साठा जितका कमी, तितका तोच धक्का मोठा बसतो. पूर्वी सागरी गवताच्या एका रात्रीच्या श्वसनाने जेवढे हायड्रोजन आयन वाढत, त्याहून जास्त आज त्याच श्वसनाने वाढतात. गवत तेच, रात्र तेवढीच, पण पाण्याची सोशिकता घटली.

तेव्हा ‘नैसर्गिक चढउतार’ आणि ‘आम्लीकरण’ या दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींसमोर ठेवून मोठी कोणती हे विचारणं हा प्रश्नच चुकीचा आहे. आम्लीकरणामुळे चढउतारच बदलतो आहे. क्वियाटकोव्स्की आणि ऑर यांनी २०१८ मध्ये हवामानाच्या संगणकीय प्रारूपांवरून दाखवलं की उत्सर्जन जास्तच राहिलं तर शतकाअखेर हायड्रोजन आयनांचा ऋतुमानानुसार होणारा चढउतार सुमारे ८० टक्क्यांनी वाढेल. त्याच अभ्यासात सामूच्या आकड्यांतला चढउतार मात्र थोडा कमी झालेला दिसतो, कारण मोजपट्टी लॉगरिदमिक आहे. म्हणजे केवळ सामूचा आलेख बघणाऱ्या समितीला ‘चढउतार तर घटला, पाणी स्थिरावतंय’ असं वाटू शकेल, आणि पाण्यातल्या जिवांना नेमका उलटा अनुभव येत असेल. हे वाचून माझ्या पोटात खड्डा पडला होता. अहवालांत सामूसोबत हायड्रोजन आयनांचं प्रमाण छापणं इतकं सोपं आहे, तरी ते क्वचितच छापलं जातं.

याचा प्रत्यक्ष परिणाम काय होतो हे अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातल्या नेटार्ट्स उपसागराकाठी दिसलं. तिथे कालवांचं बीज तयार करणारं एक केंद्र समुद्राचं पाणी थेट टाक्यांत घेत असे. २००७ च्या सुमारास तिथले डिंभ, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्लं, टाक्याच्या टाक्या भरून मरू लागले. पहिला संशय एका जिवाणूवर गेला, आणि तो अगदीच निराधार नव्हता. पण जिवाणूचा बंदोबस्त करूनही मृत्यू थांबेनात. मग पाण्याचं कार्बोनेट रसायन मोजायला घेतलं तेव्हा उलगडा होत गेला. उत्तरेचा वारा सुटला की खोल पाणी वर येऊन उपसागरात शिरे आणि बीज वाया जाई. २००९ च्या उन्हाळ्यातल्या त्या नोंदी बार्टन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांतली एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पिल्लांची वाढ खुंटलेली पुढे कित्येक दिवसांनी दिसत होती, पण तिचा संबंध होता त्यांच्या आयुष्याच्या पहिल्या ४८ तासांतल्या पाण्याशी. पहिलं कवच त्याच दोन दिवसांत घडतं, तेही अंड्यातून मिळालेल्या मोजक्या शिदोरीवर. त्या वेळी पाण्यात कार्बोनेट कमी असेल तर कवच घडवण्यातच शक्ती संपते आणि पिल्लू पुढे तग धरत नाही.

या ४८ तासांत पाणी कसं होतं हे महिन्यातून एकदा भरलेल्या पाण्याच्या एका बाटलीतून कळलं असतं का? मुळीच नाही. केंद्राने शोधलेला उपायही चढउतारातूनच निघाला. दिवसभर उपसागरातलं सागरी गवत कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे दुपारनंतरचं पाणी सकाळच्यापेक्षा बरं असतं. तेव्हा टाक्या दुपारी भरायच्या. आणि टाकीतल्या पाण्यात सोडा ॲश, म्हणजे सोडियम कार्बोनेट, मोजून मिसळायचं. ज्या चढउताराला ‘मोजणीतला गोंधळ’ म्हणून बाजूला सारलं जातं, त्याच्याच घड्याळावर त्या केंद्राचं काम पुन्हा उभं राहिलं.

याच किनाऱ्याबद्दल रिचर्ड फीली आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये जहाजावरून केलेल्या पाहणीत दिसलं की शिंपल्याचा ॲरागोनाइट, म्हणजे कवच ज्याचं बनतं तो कॅल्शियम कार्बोनेटचा प्रकार, विरघळवू शकेल असं पाणी उथळ भागापर्यंत, एका ठिकाणी तर थेट पृष्ठभागापर्यंत पोचत होतं. वर येणारं हे पाणी सुमारे ५० वर्षांपूर्वी हवेच्या संपर्कात होतं. म्हणजे त्याने शोषलेला मानवी कार्बन डायऑक्साइड हा त्या वेळच्या हवेतला, आजच्याहून कितीतरी कमी. आजच्या हवेशी भेटून खाली गेलेलं पाणी अजून वर यायचं आहे. उत्सर्जन उद्या थांबलं तरी या किनाऱ्यांची पुढची काही दशकं ठरून गेलेली आहेत, आणि त्या दशकांचा आधारबिंदू मोजून ठेवायची संधी आपल्याला आताच आहे.

आता सरासरीबद्दल. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांमधला १४.३.१ हा निर्देशक निवडक प्रातिनिधिक स्थानकांवर मोजलेली समुद्राची सरासरी आम्लता मागतो. हा निर्देशक असणं ही मोठी गोष्ट आहे, त्यामुळे अनेक देशांत पहिल्यांदाच मोजणी सुरू झाली. पण ‘सरासरी’ या शब्दाला किनाऱ्यावर फार जपून वापरावं लागतं. समजा एका जागी अर्धा दिवस सामू ८.३ आणि अर्धा दिवस ७.७ आहे. सामूच्या आकड्यांची सरासरी ८.० येईल. हायड्रोजन आयनांची सरासरी काढून तिचा सामू केला तर तो ७.९ येतो. केवळ आकडेमोडीची पद्धत बदलल्याने ०.१ चा फरक पडला, आणि अख्ख्या औद्योगिक काळातली घट तेवढीच आहे! एका संस्थेने एक पद्धत वापरली, दुसरीने दुसरी, आणि दोन्हीचे आकडे एकाच तक्त्यात बसले, तर त्या तक्त्याचा उपयोग काय? आणि दोन्ही सरासऱ्या हे सांगतच नाहीत की पाणी ७.७ च्या खाली किती तास राहिलं. डिंभासाठी महत्त्वाचा आकडा तोच आहे.

बाटल्यांनी केलेल्या मोजणीत आणखी एक झुकाव लपलेला असतो. बोट दिवसा निघते, हवा चांगली असताना निघते. म्हणजे पाण्याची सर्वांत अनुकूल वेळ पुन्हा पुन्हा नोंदली जाते. पहाटेचा नीचांक, वादळानंतरचं गढूळ पाणी, रात्रीची ओहोटी कुणाच्याच वहीत येत नाही. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे ठरावीक घड्याळी वेळेला घेतलेला नमुना एका महिन्यात भरतीच्या पाण्याचा असतो आणि दुसऱ्यात ओहोटीच्या. वर्षाअखेर या बारा ठिपक्यांतून रेषा ओढली की ती चढतेय की उतरतेय हे समुद्रापेक्षा वेळापत्रकावरच जास्त ठरतं. अशा बारा ठिपक्यांवरून ‘कोणताही कल आढळला नाही’ असं लिहिलेलं मी वाचते तेव्हा वाईट वाटतं, कारण ज्यांनी उन्हातान्हात जाऊन ते नमुने आणले त्यांच्या मेहनतीची ती थट्टा होते.

बाटल्या निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ घेऊ नये. नीट भरलेली बाटली हा अजूनही सगळ्या मोजणीचा कणा आहे, आणि ती नीट भरणं हे कौशल्याचं काम आहे. बोरोसिलिकेट काचेची बाटली घ्यायची, नळी तळापर्यंत नेऊन बुडबुडा न होऊ देता पाणी भरायचं, बरंचसं वाहू द्यायचं, मग प्रसरणापुरती थोडीशी जागा ठेवून मर्क्युरिक क्लोराइडचे मोजके थेंब टाकायचे, म्हणजे आतले जीव श्वसन करून आकडा बदलणार नाहीत, आणि घासलेल्या काचेचं बूच ग्रीस लावून घट्ट बसवायचं. यातली एक पायरी चुकली तर प्रयोगशाळेतलं कितीही महागडं यंत्र तो नमुना वाचवू शकत नाही. हे काम बहुतेक ठिकाणी कंत्राटी, दर वर्षी बदलणाऱ्या माणसांकडे असतं, आणि त्यांच्या प्रशिक्षणासाठी अंदाजपत्रकात वेगळी ओळ नसते.

उपकरणांबद्दलही स्पष्ट लिहायला हवं. गोड्या पाण्यासाठीच्या बफर द्रावणांवर, म्हणजे सामू आधीच ठाऊक असलेल्या द्रावणांवर, जुळवलेला काचेचा इलेक्ट्रोड समुद्राच्या पाण्यात बुडवून आलेला आकडा आम्लीकरणाच्या नोंदीत चालत नाही. समुद्राच्या पाण्यात आयनांची दाटी वेगळी असते, आणि त्या जुन्या मोजपट्टीत व समुद्रविज्ञानात वापरल्या जाणाऱ्या ‘टोटल’ मोजपट्टीत ०.१ हून जास्त अंतर पडतं. कोणती मोजपट्टी वापरली हे न लिहिता जोडलेल्या जुन्या-नव्या नोंदींमधून खोटी घसरण किंवा खोटी वाढ दिसणं अगदी सहज शक्य आहे. मेटा-क्रेसॉल पर्पल या रंगद्रव्याने केलेली मोजणी, कृत्रिम समुद्रजलात बनवलेला ट्रिस बफर, आणि अँड्र्यू डिकसन यांच्या प्रयोगशाळेने अमेरिकेतल्या स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेत उभी केलेली संदर्भ नमुन्यांची व्यवस्था हे सगळं याचसाठी आहे. पाण्यात महिनोन्‌महिने राहणारे सेन्सर रात्रंदिवस नोंद करतात, पण त्यांच्यावर शेवाळ आणि बार्नॅकल चढतात, त्यांचा आकडा हळूहळू सरकतो. तो सरकला हे कळतं ते शेजारी भरलेल्या बाटलीमुळेच. सेन्सर आणि बाटली ही जोडी आहे. एकीचा खर्च वाचवण्यासाठी दुसरी आणायची, असं त्यांचं नातं नाही.

आणि नुसता सामू पुरत नाही. कवच घडणार की विरघळणार हे ठरतं ॲरागोनाइटच्या संपृक्ततेवर (हा आकडा १ च्या खाली गेला की ॲरागोनाइट विरघळू लागतो), आणि ती काढायला सामू, अल्कलिनिटी, एकूण विरघळलेला अकार्बनी कार्बन आणि कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब या चारांपैकी किमान दोन गोष्टी मोजाव्या लागतात. त्यांतही सामू आणि आंशिक दाब ही जोडी घेऊ नये. दोन्ही एकाच दिशेची माहिती देतात आणि हिशोबात चूक फुगते. वॉल्डबुसर यांच्या गटाने कालव-शिंपल्यांच्या डिंभांवर प्रयोग करून दाखवलं आहे की त्यांना झोंबते ती घटलेली संपृक्तता, नुसता सामू नव्हे, आणि संपृक्तता १ च्या वर असताना, म्हणजे कवच विरघळण्याच्या कितीतरी आधी, त्रास सुरू होतो.

माझ्याच बाजूच्या काही लोकांनाही इथे चार शब्द सांगायचे आहेत. किनाऱ्यावर सामू घसरला की तो सगळा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या खात्यावर टाकणं हेही तितकंच चूक. वॉशिंग्टन राज्याच्या टोकाला असलेल्या टाटूश बेटाजवळ वूटन आणि सहकाऱ्यांनी आठ वर्षं केलेल्या नोंदींत सामू प्रारूपांच्या अपेक्षेहून दहापटीहून जास्त वेगाने खाली आला होता. एवढा वेग नुसत्या हवेतल्या वायूने येत नाही. मेक्सिकोच्या आखातात आणि पूर्व चीन समुद्रात वेई-जुन काई आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की नद्यांतून येणाऱ्या खतांमुळे शैवाल माजतं, ते मरून तळाशी कुजतं, त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड आणि वरून आलेला मानवी कार्बन डायऑक्साइड एकत्र येऊन तळाजवळच्या पाण्याचा सामू जास्तच उतरवतात. उलट बाल्टिक समुद्राच्या काही भागांत वाढलेल्या अल्कलिनिटीने आम्लीकरणाचा बराच भाग झाकून टाकला आहे. म्हणजे कारणांची वाटणी जागेनुसार बदलते. ती वाटणी समजली तरच सांडपाणी आणि खतं आवरून स्थानिक पातळीवर किती दिलासा मिळेल आणि कितीचा उपाय केवळ उत्सर्जन कमी करण्यात आहे, हे ठरवता येईल. मोजल्याशिवाय दोन्ही बाजू केवळ आपापली मतं मांडत राहतात.

चंचल पाण्यात वाढलेले जीव जात्याच काटक असतात, असंही म्हटलं जातं. काही जातींत ते दिसतं, नाकारत नाही. पण काटकपणाला मर्यादा असते, आणि सवयीच्या नीचांकाजवळ आधीच जगणाऱ्या जिवाला आणखी खाली सरकायला जागा किती, हे कुणी गृहीत धरू नये. इटलीतल्या इस्किया बेटाजवळ समुद्रतळातून कार्बन डायऑक्साइड निघतो. हॉल-स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तिथे पाहिलं की बुडबुड्यांच्या जवळ जावं तसतसे कवचधारी जीव कमी होत जातात आणि सागरी गवत मात्र चांगलं वाढतं. तिथल्या जिवांना सवय लागायला भरपूर काळ मिळाला होता.

आता मागण्या. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी काळाची आहे. ॲड्रिएन सटन आणि सहकाऱ्यांनी ४० नांगरलेल्या बोयांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये मांडलं की मानवी आम्लीकरणाचा कल चढउतारांतून वेगळा दिसायला खुल्या महासागरात ८ ते १५ वर्षं लागतात, आणि किनारी ठिकाणी १६ ते ४१. हवाईजवळचं अलोहा स्थानक आणि बर्म्युडाजवळची नोंदमालिका १९८८ पासून अखंड चालू आहेत, म्हणून तर खुल्या समुद्राबद्दल आपण आज ठामपणे बोलू शकतो. किनाऱ्याच्या प्रकल्पांना मात्र तीन वर्षांचा निधी मिळतो, आणि तिसऱ्या वर्षी ‘कल आढळला नाही’ म्हणून तो थांबवला जातो. कल दिसायला ज्याला किमान १६ वर्षं हवीत त्याची परीक्षा तिसऱ्या वर्षी घेणं हा अन्याय आहे. किनारी स्थानकांचा निधी संशोधन प्रकल्पांच्या खात्यातून काढून हवामान वेधशाळांप्रमाणे कायमस्वरूपी खर्चात टाका.

पैसे अपुरे असतील, आणि ते असतात, तर ठिकाणं कमी करा. दहा जागी महिन्यातून एकदा बाटली भरण्यापेक्षा दोन जागी अखंड सेन्सर, त्यासोबत नियमित बाटल्या, आणि अल्कलिनिटीसह दुसरा घटक, हे कितीतरी जास्त सांगून जाईल. जागतिक महासागर आम्लीकरण निरीक्षण जाळ्याने अचूकतेच्या दोन पायऱ्या ठरवून दिल्या आहेत: दैनंदिन आणि ऋतूंतले बदल पाहायचे तर सामूत ०.०२ पर्यंतची अनिश्चितता चालते, दशकांचा कल पाहायचा तर ०.००३. बहुतेक किनारी ठिकाणांनी आधी पहिली पायरी नीट गाठावी. ती गाठणं कमीपणाचं नाही. ती न गाठता दुसरीचा दावा करणं चूक आहे.

अहवालांचं स्वरूपही बदला. वार्षिक सरासरीशेजारी पहाटेचे नीचांक, ठरवलेल्या मर्यादेखाली पाणी सलग किती तास राहिलं तो आकडा, हायड्रोजन आयनांचं प्रमाण, मोजपट्टीचं नाव आणि नोंदीची वेळ छापा. संशयास्पद ठरलेल्या नोंदी गाळू नका, खूण करून तशाच प्रसिद्ध करा. नेटार्ट्ससारखी घटना पहिल्यांदा दिसते तेव्हा ती ‘उपकरणाची चूक’ वाटण्याचीच शक्यता जास्त. आणि प्रयोगांना निधी देताना विचारा की टाकीतला सामू दिवसरात्र एकाच आकड्यावर बांधलेला आहे की त्या जिवाच्या मूळ घराप्रमाणे वरखाली होतो. स्थिर टाकीत काढलेले निष्कर्ष किनाऱ्याला लावताना दोन्ही दिशांनी चूक होते, कधी धोका वाढवून दाखवला जातो, कधी लपवला जातो.

पुढच्या निरीक्षण आराखड्याचा मसुदा मंजुरीपूर्वी हरकतींसाठी खुला करावा, ही शेवटची विनंती. त्यात नमुने घेण्याच्या वेळा, उपकरणांच्या जुळणीची पद्धत आणि देखभालीचा खर्च या तीन गोष्टी स्वतंत्रपणे मांडलेल्या असाव्यात. मी आणि या क्षेत्रात काम करणारे माझे सहकारी तो मसुदा ओळीओळीने वाचून लेखी सूचना देऊ, आणि गरज असेल तिथे नमुने घेणाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी वेळही देऊ.

आपली नम्र,
किनारी पाण्याच्या नोंदींची एक अभ्यासक